न उरणारा वण

धारच्या भोजराजाविषयी जितक्या कथा सांगितल्या जातात तितक्या भारतातील क्वचितच दुसऱ्या एखाद्या राजाविषयी सांगितल्या जात असतील. त्यांपैकी एक कथा शस्त्रक्रियेची आहे. बल्लाळ नावाच्या पंडिताने सोळाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'भोजप्रबंधा'त ती येते. राजा स्नानास गेला असता पाण्यातील एक इवलासा मासा त्याच्या मस्तकात शिरला व त्यास असह्य वेदना होऊ लागल्या. राजवैद्यांचे उपाय हरले. संतापलेल्या राजाने वैद्यांना राज्याबाहेर घालविण्याची आज्ञा केली. तेव्हा स्वर्गातले अश्विनीकुमार ब्राह्मणाच्या वेषाने धारेस आले. त्यांनी मोहचूर्णाने राजास निश्चेष्ट केले, कवटी उघडून मासा बाहेर काढला, कवटी पूर्ववत् जुळविली आणि संजीवनीने राजास जागे केले. पुढे पथ्य काय, असे राजाने विचारता त्यांनी ते श्लोकातच सांगितले. परंतु शेवटचा चरण म्हणण्यापूर्वीच ते अदृश्य झाले, आणि तो चरण कालिदासाने पुरा केला.

भोज हा अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला राजा, कालिदास त्याच्या कित्येक शतके आधीचा, आणि कथा लिहिणारा त्याच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी झालेला. तेव्हा या कथेस इतिहास म्हणता येत नाही. पुष्कळांनी मात्र ती प्राचीन भारतातील भूल देण्याच्या विद्येचा पुरावा म्हणून उत्साहाने पुढे केली आहे. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. या कथेत जे नाही त्याकडे लक्ष वेधावयाचे आहे. एवढी कवटी उघडली, पुन्हा जुळविली. परंतु राजाच्या मस्तकावर वण राहिला की नाही, त्या जागी पुन्हा केस आले की नाही, याविषयी कथा एक अक्षरही बोलत नाही. देवांच्या हातची शस्त्रक्रिया ती. तिचा वण कसा राहील!

माणसांच्या हातच्या शस्त्रक्रियेचा वण राहतो. आजकाल डोक्याच्या मागच्या भागातील केस काढून ते टकलावर लावण्याची, म्हणजे केशारोपणाची, जी शस्त्रक्रिया गावोगावच्या जाहिरातींतून दिसते, तिच्यातही 'वण न उरणारी' हे विशेषण मोठ्या अक्षरांत छापलेले असते. धार आणि देवास या दोन्ही गावांना इंदूर जवळ असल्यामुळे तेथील तरुणांना हे विशेषण नित्य वाचावयास मिळते. भोजराजाची कथा नव्या लिपीत छापावी तसाच हा प्रकार आहे.

जुन्या भारतीय शल्यशास्त्राने असे आश्वासन दिलेले नव्हते. येथे शब्दाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. त्याच शब्दापासून आलेला मराठीतला 'वण' म्हणजे जखम भरल्यानंतर उरलेली खूण. जखम गेली आणि खूण राहिली, हा शरीराचा अनुभव भाषेनेही जसाच्या तसा जपला आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणावर करावयाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांतील कित्येक उपक्रम जखम भरून आल्यावरचे आहेत. खोल राहिलेली जागा वर आणणे, वर आलेली जागा खाली बसविणे, पांढरी पडलेली त्वचा काळी करणे, काळी पडलेली उजळ करणे, आणि वणावर पुन्हा केस उगविणे. या शेवटच्या उपक्रमाचे नाव 'रोमसंजनन'. त्यासाठी हस्तिदंताची मषी आणि रसांजन यांचा लेप सांगितला असून, त्याने तळहातावरसुद्धा केस येतील अशी त्याची स्तुती केली आहे. तळहातावर केस कोणाच्या आले असतील असे वाटत नाही; परंतु वणावर केस उगवत नाहीत ही अडचण त्या शास्त्रकाराने नेमकी ओळखली होती, हे त्या अतिशयोक्तीवरूनच दिसते. भोजाच्या नावावर असलेल्या 'राजमार्तंड' नामक वैद्यकग्रंथातही केसांच्या तक्रारींवरील लेप आहेत. लेपांची परंपरा अशी मोठी लांबलचक आहे. केस एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लावण्याची कल्पना मात्र तीत नाही.

ती नसण्याचे एक कारण सामाजिकही असावे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला. धारचे पवार, आणि देवासचे तुकोजी व जिवाजी हे दोन बंधू यांची घराणी तेथे स्थिर झाली. देवासच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदल्या. आपण भोजाच्या परमार कुळातलेच, असे ही घराणी सांगत आली. १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत या संस्थानांत दरबार भरत असे, आणि दरबारात उघड्या डोक्याने जाणे ही कल्पनाच कोणास सुचली नसती. सरदाराच्या डोक्यास पगडी, कारकुनाच्या डोक्यास पागोटे. ब्राह्मणाने तर शेंडी व घेरा ठेवून बाकीचे डोके न्हाव्याकडून तुळतुळीत करून घ्यावयाचे. अशा समाजात कपाळावरचे केस मागे हटले तरी ते कळणार कोणास? विसाव्या शतकात पागोटे गेले, मागोमाग टोपीही गेली, आणि जे टक्कल पिढ्यान् पिढ्या झाकलेले होते ते एकाएकी उघडे पडले. वराच्या छायाचित्रात, नोकरीच्या मुलाखतीत, ते आता एक उणेपण ठरले.

एका अंगाची त्वचा दुसरीकडे लावण्याची विद्या मात्र आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिची सर्वांत विश्वसनीय नोंद महाराष्ट्रातली, पुण्याजवळची आहे. १७९२ सालच्या टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजांनी त्याचे नाव 'कावसजी' असे लिहून ठेवले आहे. ते पारशी वाटते खरे; परंतु वृत्तांतात तो मराठा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. टिपूच्या माणसांनी त्याचे नाक व एक हात कापला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाशिवाय वावरला. नंतर पुण्याजवळच्या एका वीटकरी जातीच्या माणसाने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९४ साली कावसजीचे चित्र काढले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सचित्र हकीकत प्रसिद्ध झाली.

ती हकीकत आजही वाचण्याजोगी आहे, कारण तीत कोठेही चमत्काराचा सूर नाही. त्या कारागिराने प्रथम नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घेतले. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची त्वचा सोडविली. परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक अरुंद पट्टा तसाच जोडलेला ठेवला. रक्ताचा पुरवठा त्या पट्ट्यातून चालू राहावयाचा होता. मग ती त्वचा फिरवून खाली आणली आणि नाकाच्या थोटकाभोवती चीर पाडून तीत तिच्या कडा बसविल्या. वर पाण्यात भिजविलेल्या काताच्या पट्ट्या ठेवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले फडके लावले. पाच-सहा दिवस रोग्यास उताणे निजविले. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. डोळ्यांमधला जोडपट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला. आणि शेवटी वृत्तांत लिहिणारा सांगतो की, नवे नाक भक्कम आहे, जवळजवळ मूळच्यासारखे दिसते, आणि काही काळ लोटल्यावर कपाळावरचा वणही फारसा नजरेत भरत नाही.

'फारसा नजरेत भरत नाही', एवढेच. वण नाहीसा होतो असे त्याने लिहिले नाही. नाक हवे असेल तर कपाळावर वण घ्यावा लागेल, हा सौदा कारागिरास ठाऊक होता व कावसजीसही ठाऊक असला पाहिजे. लंडनचे शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी ही हकीकत वाचली, मृतदेहांवर तिचा अभ्यास केला, आणि १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली. त्यांचे पुस्तक १८१६ साली निघाले, आणि आधुनिक युरोपातील अवयव-सुधारणेच्या शास्त्रास तेथून नवी चालना मिळाली.

या कपाळाच्या शस्त्रक्रियेतच पुढच्या केशारोपणाचे बीज दडलेले होते. ते कोणाच्या लक्षात आले नाही एवढेच. कपाळ अरुंद असले आणि त्वचा थोडी वरपर्यंत, म्हणजे केसांच्या रेषेपलीकडून, घ्यावी लागली, तर नव्या नाकाच्या शेंड्यावर डोक्याचे केस उगवत राहतात. शल्यचिकित्सकास हा उपद्रव वाटे. परंतु त्याचा अर्थ असा की, केस ज्या जागेचा, त्या जागेचा धर्म तो दुसरीकडे गेला तरी सोडीत नाही.

हीच गोष्ट महारोगावरील शस्त्रक्रियेत उपकारक ठरली. या रोगात भुवयांचे केस गळतात. रोग पुरता बरा झाला तरी बिनभुवयांचा चेहरा गावास ओळखू येतो, आणि मनुष्यास घरात व बाजारात पुन्हा स्थान मिळत नाही. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलिस यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याच्या रुग्णालयात अशा रोग्यांच्या चेहऱ्यांवर व हातांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शास्त्राचा विभाग उभारला. महारोगाच्या शस्त्रक्रियेत भुवईच्या जागी डोक्याची केसाळ त्वचा बसवितात. ती भुवई डोक्याच्या केसांसारखी वाढत राहते, आणि तिच्या धन्यास ती मधूनमधून कात्रीने कापावी लागते. बरे झालेल्या रोग्यास ती कात्री मुळीच जड जात नाही. केशारोपणाचा याहून अधिक योग्य उपयोग दाखविणे कठीण आहे.

टकलावरील केशारोपणाची कहाणी मात्र जपानातून सुरू होते. १९३९ साली शोजी ओकुदा या जपानी त्वचावैद्याने भाजल्यामुळे किंवा जखमेमुळे केस गेलेल्या जागी लहान गोल कलमे लावल्याचा वृत्तांत जपानी भाषेत प्रसिद्ध केला. लगेच महायुद्ध पेटले आणि तो बाहेर कोणास कळला नाही. न्यूयॉर्कमध्ये डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ साली टकलावर पहिले आरोपण केले, आणि १९५९ साली त्याचे शास्त्र मांडले. डोक्याच्या मागील पट्ट्यातील केस पुढे लावले तरी मागच्यासारखेच टिकतात, हे त्यांचे सूत्र होते. नाकाच्या शेंड्यावरील केसांनी तेच तर कित्येक वर्षे आधी सांगितले होते.

सूत्र खरे होते, हत्यार मात्र जाडेभरडे होते. सुमारे चार मिलिमीटर व्यासाच्या नळीने एकेक कलम काढीत. त्यात पंधरा-वीस केस असत. निसर्गात केस एक, दोन, तीन, फार तर चार अशा झुबक्यांनी उगवतात. पंधरा-वीस केसांचा झुबका, मग मोकळी जागा, मग पुन्हा झुबका, अशा ओळींनी डोके भाताच्या रोपांच्या चुडांसारखे किंवा बाहुलीच्या डोक्यासारखे दिसू लागले. कलमाभोवतीची त्वचा वर येऊन फरसबंदीसारखे उंचवटे होत. मागे, जेथून कलमे काढली तेथे, पांढऱ्या वाटोळ्या वणांची चाळण उरे. आणि टक्कल तर वयाबरोबर पसरतच जाते; त्यामुळे पंचविशीत लावलेल्या झुबक्यांच्या मागे चाळिशीत मोकळे माळरान दिसू लागे.

पुढील दोन सुधारणा याच दोषांतून निघाल्या. १९८० नंतरच्या दशकात टेक्सासचे डॉ. बॉबी लिमर यांनी मागील त्वचेची एक लांब पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातील नैसर्गिक झुबके एकेक करून सोडविण्याची रीत बसविली. कलम बारीक झाले. परंतु पट्टी काढलेल्या जागी कानापासून कानापर्यंत एक रेघ राहिली. हात कुशल असेल तर ती रेघ केसांखाली लपते. पट्टी रुंद घेतली आणि टाके ताणून घातले तर तीच बोटभर रुंद होते. मग एकेक झुबका जागेवरच एक मिलिमीटरहून बारीक नळीने काढण्याची रीत आली; २००२ साली अमेरिकेत तिचा शास्त्रीय वृत्तांत निघाल्यावर ती जगभर पसरली. 'वण न उरणारी' हे विशेषण चिकटले ते या रीतीस. वस्तुतः प्रत्येक झुबक्यामागे एक पांढरा ठिपका राहतोच. दोन हजार झुबके काढले तर दोन हजार ठिपके. ते विखुरलेले असतील तर दिसत नाहीत. एकाच जागेतून ओरबाडून काढले असतील तर मागचे डोके कसर लागलेल्या लोकरीसारखे दिसते.

बिघडलेले केशारोपण दुरुस्त करण्याची खरी अडचण येथे आहे. मागील पट्ट्यातले केस म्हणजे एकदाच मिळालेली पुंजी आहे. काढलेला केस त्या जागी पुन्हा उगवत नाही. साधारण अर्धे केस कमी होईपर्यंत विरळपणा डोळ्यांस जाणवत नाही, म्हणूनच तर तेथून घेता येते. त्यापलीकडे गेले की उणीव उघडी पडते. ज्याचे पहिले आरोपण बिघडले त्याची पुंजी अर्धीअधिक खर्च झालेली असते, आणि तीही नुकसानीत. दुरुस्ती करणाऱ्यास उरलेल्या थोडक्या केसांतून जुनी चूकही झाकावयाची असते आणि पुढे पसरणाऱ्या टकलाचीही तरतूद ठेवावयाची असते. दोन्ही पुरतेपणी क्वचितच साधतात. येथे रोग्याचा पैसा जातो तो भाग वेगळा. त्याने पूर्वी टोपी लपविण्यासाठी घातली नव्हती, ती आता तो घालू लागतो.

तरीही पुष्कळ करता येते. जुने जाड झुबके नळीने काढून घेतात, जागा टाक्यांनी मिटवितात, आणि त्या झुबक्यांतले केस सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करून पुन्हा नव्या जागी लावतात. म्हणजे चुकीच्या जागी गुंतलेली पुंजी थोडीबहुत मोकळी होते. सर्वच झुबके काढण्याजोगे नसतील तर त्यांच्यापुढे एकेरी केसांची विरळ रांग लावून कडा मऊ करतात. ही रांग अगदी सरळ रेघेत आली की काम पुन्हा फसले, कारण निसर्गाने कोणाच्याही कपाळावर पट्टी धरून केस लावलेले नाहीत. केस चुकीच्या दिशेने रोवलेले असतील तर विंचरून ते वळत नाहीत. त्यांना काढणे हाच उपाय. मागची रुंद रेघ पुन्हा कापून बारीक टाक्यांनी जुळविता येते, आणि एका कडेचा वरचा पापुद्रा किंचित छाटला तर केस त्या वणातूनच वर येतात व रेघ मोडते. मात्र त्वचेत ढिलाई उरलेली असली पाहिजे. ती नसताना पुन्हा कापल्यास वण पूर्वीहून रुंद होतो. आणि ज्याचे वण मुळातच गाठीसारखे वर येतात अशाने तर या वाटेस जाऊच नये.

वणातच कलमे लावण्याचाही मार्ग आहे. डोक्यावरचे केस संपले असतील तर हनुवटीखालचे दाढीचे केस त्यासाठी घेतात. परंतु वणाची त्वचा कठीण असते व तीत रक्तवाहिन्या थोड्या असतात. निरोगी त्वचेत जितकी दाट कलमे जगतात तितकी वणात जगत नाहीत. दाट लावली तर एकमेकांचे रक्त तोडून सगळीच मरतात, आणि वणावर आणखी वण चढतो. धूम्रपान करणाऱ्याची स्थिती त्याहून वाईट. केसांच्या रंगाचे बारीक ठिपके गोंदून वण झाकण्याची रीतही आता रूढ होत आहे. सुश्रुताने पांढऱ्या वणास काळा करण्याचा उपक्रम सांगितला होता, त्याचीच ती दूरची नात म्हणावी.

हे काम कोणी करावे, याविषयी भारतात दीर्घकाळ पुष्कळ ढिलाई होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. केशारोपण हे प्रशिक्षित, नोंदणीकृत वैद्याचेच काम आहे आणि कार्यशाळेत बसून वा चित्रफिती पाहून मिळालेले शिक्षण त्यास पुरेसे नाही, असे त्यांत बजावले आहे. अशी सूचना काढण्याची पाळी यावी यावरूनच वस्तुस्थितीची कल्पना येते. पुण्याच्या त्या वीटकऱ्याजवळ कोणतीही पदवी नव्हती हे खरे. परंतु त्याची विद्या परंपरेने हातावर चढलेली होती, आणि त्याच्या कामाच्या वेळी दोन परके डॉक्टर शेजारी उभे राहून पाहत होते.

दुरुस्तीची घाई ही आणखी एक अडचण. आरोपणानंतर लावलेले केस बहुधा काही आठवड्यांत गळतात व मुळे शाबूत असल्यास तीन-चार महिन्यांनी पुन्हा फुटू लागतात. अंतिम रूप दिसण्यास दहा-बारा महिने लागतात. वणही वर्षभर रंग आणि कठीणपणा पालटीत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आरसा पाहून घाबरलेला मनुष्य लगेच दुसऱ्या दाराशी जातो, आणि तेथे त्यास नकार मिळतोच असे नाही. जाणता शल्यचिकित्सक त्यास वर्षभर थांबावयास सांगतो. मग मागील डोक्यात किती केस शिल्लक आहेत ते मोजतो, त्वचा चिमटीत धरून ढिलाई पाहतो, वणाच्या एका कोपऱ्यात पंचवीस-पन्नासच कलमे लावतो, आणि ती जगतात की नाही हे पाहण्यासाठी पुन्हा आठ-दहा महिने वाट पाहतो.